तीन वर्षं एकटीने, सहा महिने मॅडमकडे: एका फोटोग्राफी मेंटॉरशिपचा अनुभव

मी मुद्रितशोधक आहे. 19 वर्षं दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढतेय. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, स्वतः लिहिलेलं स्वतः तपासायला घेऊ नका. डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. कागदावर ‘पाणि’ असलं तरी लिहिणाऱ्याला ते ‘पाणी’च दिसतं. दहा वेळा वाचून सुटलं, तर अकराव्यांदाही सुटतं. हे मला इतकं पक्कं माहीत असताना तीन वर्षं मी माझे फोटो स्वतः काढले, स्वतः निवडले, चांगले-वाईट स्वतःच ठरवले, आणि काम एका जागी का अडलंय ते मला समजत नव्हतं. शेवटी सहा महिन्यांची मेंटॉरशिप घेतली. ती संपून आता चार महिने झालेत. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर भारावून लिहिलं असतं, म्हणून थांबले.

आधी व्यवहार सांगते. एका वेळी एकच विद्यार्थी. महिन्यातून दोन बैठका, सहा महिन्यांत बारा. त्यातल्या चार प्रत्यक्ष, बाकी व्हिडिओ कॉलवर. दोन बैठकांच्या मधल्या पंधरवड्यासाठी एक काम मिळतं. फी आधी, एकरकमी. शिकवणाऱ्या मॅडम साठीच्या पुढच्या आहेत, उभी हयात वृत्तपत्रांसाठी फोटो काढण्यात गेली. त्यांचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांच्या तोंडावर बोललेल्या आहेत. त्यासाठी नाव चारचौघांत घ्यायची गरज नाही.

माझा विषय एकच होता, आजही तोच आहे. माझे बाबा घरी बसून जुनी घड्याळं दुरुस्त करतात. किल्लीची मनगटी घड्याळं, लंबकाची भिंतीवरची, कधी एखादं खिशातलं. खिडकीशी टेबल, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा, उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा. हे मला तीन वर्षं टिपायचं होतं.

एकटीने शिकण्याबद्दल मी एकही वावगा शब्द काढणार नाही. जे एकटीने शिकले ते अजून हातात आहे, आणि तसं पक्कं मॅडमकडचं काही बसलेलं नाही. पहिल्या महिन्यातलंच सांगते. घड्याळाची पांढरी तबकडी जवळून काढली की फोटोत ती करडी यायची, धुतलेल्या कपड्याला राख लागावी तशी. मी आधी लेन्स पुसली. मग दिवा बदलला. मग वाटलं, कॅमेराच बिघडला. तीन आठवडे हेच. एका संध्याकाळी पांढरी तबकडी आणि लंबकाच्या घड्याळाची काळपट लाकडी पेटी शेजारी शेजारी ठेवून एकेकीचा, फ्रेम भरून, फोटो काढला. दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेचे! तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं-काळं ठाऊकच नाही. समोर जे असेल ते मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून पांढऱ्याला जास्त प्रकाश आपण द्यायचा आणि काळ्याचा आपण कमी करायचा. तबकडीला मी एक ते दीड स्टॉप चढवला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आणि ती पांढरी झाली. कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या दोन-तीन धड्यांत असतं. मीही आधी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि तीन आठवडे छळून मग सापडलेलं यांत फरक आहे. आता समोर पांढरं दिसलं की अंगठा आपोआप प्रकाश कमी-जास्त करायच्या चाकावर जातो.

दुसरी गोष्ट आवाजाची. शटरचा खटका झाला की बाबांचा हात दचकायचा आणि बारीक स्क्रू चिमट्यातून निसटायचा. म्हणून कॅमेरा मूक शटरवर टाकला, तर फोटोवर आडवे काळे पट्टे यायला लागले. पुन्हा शोधाशोध. मूक शटर फोटो एका झटक्यात न घेता ओळीओळीने वाचतं आणि त्या नव्या एलईडी दिव्याचा उजेड विजेच्या तालावर लुकलुकत असतो, डोळ्याला तो दिसत नाही इतकंच. प्रवाह 50 हर्ट्झचा असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. हे मला कुणी शिकवलं नाही. रात्री साडेअकराला मीच शोधलं आणि आनंदाने आईला उठवलं.

तर तांत्रिक बाजू एकटीने शिकता येते, नीट शिकता येते, आणि वेळ हाताशी असेल तर तशीच शिकावी. ज्यांना फक्त ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) यांचं त्रैराशिक हवंय त्यांनी मेंटॉरवर पैसे घालवू नयेत.

माझी अडचण वेगळी होती. दुसऱ्या वर्षापासून फोटो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक येत होते आणि कुणी बघत नव्हतं. म्हणजे बघायचे, ‘छान’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे. बहीणसुद्धा. मी व्हिव्हियन मायरच्या नावाने मनाला धीर द्यायचे. शिकागोतली ती आया; मुलं सांभाळायची आणि फिरता फिरता फोटो काढायची. कुणाला दाखवायची नाही. 2007 मध्ये तिचे खोके लिलावात विकले गेले, 2009 मध्ये ती गेली, आणि मग जगाला कळलं की तिने एक लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे ठेवल्यात. मला वाटायचं, बघा, गुरू नाही, वर्ग नाही, तरी केवढं काम. मॅडमना मी हे पहिल्याच कॉलवर ऐकवलं. त्या म्हणाल्या, “अगं, पण तिचे कितीतरी रोल धुतलेच गेले नव्हते. आज तू तिचे जे फोटो बघतेस, ते निवडलेत दुसऱ्यांनी. तिने स्वतः कुठले निवडले असते, कुणाला माहीत?” मी गप्प बसले. तीन वर्षं ज्या उदाहरणाच्या आधाराने मी एकटी राहिले, ते उदाहरणच निवडीच्या प्रश्नापाशी येऊन थांबत होतं.

दुसऱ्या बैठकीला माझे 412 निवडक फोटो त्यांच्याकडे पाठवलेले होते. मला वाटलं, आता रचना, प्रकाश, भाव यांवर बोलतील. त्यांनी एकही फोटो उघडला नाही. म्हणाल्या, “फोटो ठेवतेस त्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थची चाळणी लाव. किती फोटो कितीवर काढलेत ते मला वाचून दाखव.” माझी लेन्स 24-105 मिलिमीटरची आहे; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. चाळणी लावली. 412 पैकी 331 फोटो 85 च्या पुढचे. त्यातले बहुतेक थेट 105 वर, म्हणजे झूम जिथे संपतो तिथे.

कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत हा आकडा लिहून ठेवतो हे मला माहीत होतं. तीन वर्षं तो तिथेच होता. मी एकदाही वाचला नाही.

“टेबलापासून किती लांब उभी असतेस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दाराशी. त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून. मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, “बाबांना विचारलंस का कधी, व्यत्यय होतो का?” नव्हतं विचारलं. पुढच्या पंधरवड्याचं काम मिळालं ते असं: झूमची रिंग 35 वर आणायची, वरून कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, आणि पंधरा दिवस काढायची नाही.

इथे जरा रेंगाळते, कारण माझ्या मते सगळी फी या एका पट्टीत वसूल झाली.

पहिल्या दिवशी 35 वर दारातून फोटो काढला. त्यात खोली आली, पंखा आला, कॅलेंडर आलं, बाबा मुठीएवढे. दोन पावलं पुढे. अजून लहानच. मग खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. टेबलाच्या कडेला कोपर टेकलं. बाबांनी भिंगातून मान न वळवता विचारलं, “काय गं, आज इकडे?” मी म्हटलं, “मॅडमनी सांगितलंय. त्रास होतोय का?” तर म्हणाले, “त्रास कसला? इतकी वर्षं दारात उभी राहायचीस, त्याचंच अवघडल्यासारखं व्हायचं. पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं.”

मग त्यांनी बॅलन्स व्हील उचललं, म्हणजे घड्याळाचा ताल धरणारं, मागे-पुढे डोलणारं चाक. त्याला केसाइतकी बारीक स्प्रिंग असते, गुंडाळलेली. ती जागेवर बसवताना बाबा श्वास धरतात. हे मला माहीतच नव्हतं. दारातून दिसत नाही. साठ सेंटिमीटरवरून दिसतं: खांदे थांबतात, नाकपुड्या थांबतात, आणि चिमट्याचं टोक मात्र हळूच खाली जात असतं. माझाही श्वास थांबला. 35 वर, f/4, 1/100, आयएसओ 3200. मी एकच फोटो काढला. त्यात हात मोठे आहेत, चेहऱ्यापेक्षाही मोठे, आणि हातांच्या मागे भिंगातला डोळा. लांबून झूम करून हेच काढलं असतं तर हात आणि चेहरा एकमेकांवर दाबल्यासारखे सपाट आले असते. जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसणं हे लेन्सवर ठरत नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. हे वाक्य मी चार ठिकाणी वाचलेलं होतं. पण उभी मात्र दारात होते.

हा फोटो बघून बहीण ‘छान’ म्हणाली नाही. तिने विचारलं, “बाबांचा अंगठा इतका झिजलाय?”

नंतर कधीतरी मॅडमनी पॉल स्ट्रँड या अमेरिकन फोटोग्राफरचं सांगितलं. तरुणपणी तो मऊ, धूसर फोटो देणारी लेन्स वापरायचा, त्या काळी तशीच पद्धत होती. आल्फ्रेड स्टीगलिट्झ या ज्येष्ठ फोटोग्राफरने त्याला सांगितलं की या लेन्समुळे सगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. गवताचं गवतपण जातं, दगडाचं दगडपण जातं. स्ट्रँडने ती वाट सोडली. पुढे 1917 मध्ये स्टीगलिट्झने आपल्या नियतकालिकाचा शेवटचा अंक पूर्णपणे स्ट्रँडच्या फोटोंना दिला. बाहेरच्या डोळ्याचं एक वाक्य कुठवर नेऊ शकतं ते मला माझ्या पट्टीनंतर पटलं. आधी ऐकलं असतं तर गोष्ट म्हणून ऐकलं असतं.

आता प्रत्यक्ष बैठकांबद्दल. चार होत्या आणि त्या चारच खऱ्या होत्या असं म्हणावं लागेल. पहिलीला साठ प्रिंट घेऊन बोलावलं, पोस्टकार्डाच्या आकाराच्या, साध्या. मॅडमनी त्या जमिनीवर पसरल्या आणि सगळ्या उलट्या केल्या, म्हणजे डोकं खाली, पाय वर. मला फार गंमत वाटली, कारण आम्हीही हेच करतो. नावांची यादी किंवा आकड्यांचा तक्ता तपासताना शेवटून सुरुवातीकडे वाचतो. अर्थ तुटला की अक्षरं दिसायला लागतात. इथे बाबा उलटे झाले की बाबा राहत नाहीत, उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे राहतात. मग दिसलं की बहुतेक फोटोंत सगळ्यात उजळ तुकडा कपाटाच्या स्टीलच्या मुठीचा आहे. डाव्या कडेला, चमचमणारा. साठातल्या चाळीसेक फोटोंत तो होता. मॅडमनी त्यावर तळहात ठेवला, आणि नजर सरळ बाबांच्या हातांवर गेली. तळहात उचलला, नजर पुन्हा मुठीवर. त्या दिवशी घरी जाऊन मी त्या मुठीला टॉवेल अडकवला. तो अजून तिथे आहे.

दुसऱ्या प्रत्यक्ष बैठकीत दिव्यावर बोललो. माझी तक्रार होती की हात उजळ आणि चेहरा काळोखात जातो. मॅडमनी विचारलं, दिवा हातांपासून किती आणि चेहऱ्यापासून किती? मी घरून टेपने मोजून आणलं नव्हतं, तर त्यांनी बाबांना फोन करायला लावला. बाबांनी मोजून सांगितलं: हातांपासून 30 सेंटिमीटर, चेहऱ्यापासून 60. अंतर दुप्पट, तर उजेड एक चतुर्थांश. म्हणजे चेहऱ्यावर पूर्ण दोन स्टॉप कमी. दिवा मागे ओढून हातांपासून 90 आणि चेहऱ्यापासून 120 केला तर फरक एका स्टॉपच्याही आत येतो. पण मग बाबांना काम करायला उजेड पुरणार नाही! मॅडम म्हणाल्या, “दिव्याला हात लावू नकोस, तो त्यांचा आहे. टेबलावर पांढरा जाड कागद पसर.” बाबांना तो कागद आवडला, कारण पडलेला स्क्रू त्यावर पटकन दिसतो. चेहऱ्यावर खालून मऊ उजेड आला आणि डोळ्यात एक ठिपका आला. हा व्यस्त वर्गाचा नियम मी शाळेपासून पाठ म्हणू शकते. टेप कधी घेतली नव्हती.

व्हिडिओ कॉलच्या बैठकांना मी इतके गुण देणार नाही. त्यांच्या पडद्याचा उजेड वेगळा, माझ्या पडद्याचा वेगळा. “इथे सावली बंद झालीय”, म्हणजे नुसती काळी झालीय, असं त्या म्हणायच्या आणि माझ्याकडे त्या सावलीत टेबलाचा खण स्पष्ट दिसत असायचा. बराच वेळ यातच जायचा. आठपैकी दोन कॉल आयत्या वेळी पुढे ढकलले गेले, त्यातला एक तर मी रजा टाकून बसले असताना. एकदा पाठवलेल्या फोटोंवर तीन आठवडे उत्तर नव्हतं. मी हे बोलले तेव्हा त्यांनी माफी मागितली आणि एक जादा बैठक दिली, हेही लिहायला हवं. फ्लॅश त्यांनी शिकवला नाही, त्यांना तो आवडतच नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल), रंग दुरुस्ती, संगणकावरचं काम यांत त्यांना रस नाही. ज्यांना ते हवंय त्यांनी दुसरीकडे बघावं.

मोठी तक्रार यापेक्षा खोल आहे, आणि ती लिहिताना मला जड जातंय.

मॅडमचे फोटो कृष्णधवल आणि गडद असतात. काळं अगदी काळं, आणि त्यातून एखादी उजेडाची रेघ. फार सुंदर असतात. त्यांनी मला कधीही ‘असेच काढ’ म्हटलं नाही. पण गडद फोटो दाखवला की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि मी ते बघत होते. तिसऱ्या महिन्यापासून माझे रंग गेले. पाचव्या महिन्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीला मी माझ्या काही प्रिंट आणि मॅडमच्या पुस्तकातली काही पानं एकत्र दाखवली. तिने विचारलं, “यातले तुझे कुठले?” तिने कौतुकाने विचारलं होतं. मला रात्रभर झोप लागली नाही.

कारण घड्याळाची आतली चाकं पितळी असतात. दिव्याखाली ती पिवळी, कुठे तांबूस, आणि घड्याळातली माणकं गुलाबी लाल, खसखशीएवढी. बाबा मला लहानपणी मांडीवर घेऊन तीच दाखवायचे, “हे बघ, याच्या पोटात माणिक आहे.” माझ्या एकाही नव्या फोटोत ते माणिक लाल नव्हतं. आणि हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नव्हतं, म्हणून तर ते पाचव्या महिन्यापर्यंत ध्यानातही आलं नाही. एकटी असते तर बाकी शंभर चुका केल्या असत्या, ही केली नसती.

शिकवणाऱ्याच्या सावलीत नाव झाकलं जाणं ही काही नवी गोष्ट नाही. होमाई व्यारावाला कॅमेरा शिकल्या माणेकशा व्यारावालांकडून, जे पुढे त्यांचे पती झाले; आणि होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले तेही माणेकशांच्या नावावर. तिथे नाव झाकलं गेलं होतं, डोळा त्यांचा स्वतःचाच होता, आणि पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून तोच ओळखला गेला. माझ्या बाबतीत नाव माझंच होतं, आणि डोळा उसना यायला लागला होता. मला हे जास्त धोक्याचं वाटलं.

सहाव्या महिन्यात मी रंगीत फोटो घेऊन गेले. माणिक लाल, चाकं पिवळी, बाबांचा निळा शर्ट. मॅडमनी सगळे शांतपणे बघितले आणि सरळ सांगितलं, “मला हे तितके नाही आवडले. पिवळा फार बोलतो.” मी म्हटलं, “मॅडम, मला तो बोलायला हवाय.” त्यावर त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, “मग त्याला नीट बोलू दे. तो निळा शर्ट मध्ये मध्ये बोलतोय.” त्या दिवसानंतर बाबांना मी फोटोसाठी पांढरा सदरा घालायला सांगते. एवढा मोकळेपणा त्यांच्याकडे आहे, म्हणून तक्रार असूनही मी ही मेंटॉरशिप वाईट म्हणणार नाही. स्वतःला न आवडणारी गोष्ट जास्त चांगली कशी होईल हे सांगायला मोठं मन लागतं.

शेवटची बैठक निवडीची होती आणि ती घाईत उरकली. सहा महिन्यांच्या कामातून वीस फोटो काढून त्यांचा क्रम लावायचा होता. एका तासात ते होत नाही. रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून 27,000 हून जास्त फोटो काढले आणि पुस्तकात घेतले 83. निवड हेच तिथे अर्ध्याहून जास्त काम होतं. मला तर सगळ्यात मोठी गरज निवडीचीच होती, त्यासाठीच मी आले होते. मी मॅडमना लिहून कळवलंय की बारापैकी निदान तीन बैठका याला हव्यात.

कुणी घ्यावी? ज्याच्याकडे दोन-तीन वर्षांचे स्वतःचे फोटो आहेत, एकाच विषयाचे असले तर उत्तम, आणि जो अडलाय, त्याने जरूर घ्यावी. अगदी नवख्याने घेऊ नये. माझ्याकडे ते 412 फोटो नसते, तर चाळणी लावायला काहीच नव्हतं. मॅडमनी नुसतंच ‘जवळ जा’ म्हटलं असतं आणि मी मान हलवली असती. करड्या तबकडीचे ते तीन आठवडेही त्यांनी दोन मिनिटांत वाचवले असते, आणि मग ते हातात बसलं नसतं. पैसे भरण्याआधी इतकं विचारून घ्या: प्रत्यक्ष बैठका किती, त्यात प्रिंट बघणार की पडदा, आधीच्या विद्यार्थ्यांचे फोटो बघायला मिळतील का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आधीच्या पाच जणांचे फोटो एकाच माणसाने काढल्यासारखे दिसत असतील, तर सावध व्हा. मी हा प्रश्न विचारला नव्हता.

पाचापैकी चार गुण. प्रत्यक्ष बैठका आठ आणि व्हिडिओ कॉल चार असे असते तर पाच दिले असते.

चार महिने मी पुन्हा एकटी काम करतेय. प्रिंट काढते, मागे तारीख घालते आणि महिनाभर डब्यात बंद ठेवते. महिन्याने बघितलं की त्या थोड्या दुसऱ्या कुणाच्या वाटतात आणि तपासता येतात. पुढच्या वर्षी दोन-तीन बैठकांसाठी मॅडमकडे जायचं ठरवलंय. चिकटपट्टी काढलीय. मागच्या आठवड्यात नव्या फोटोंना पुन्हा चाळणी लावली. बहुतेक 35 ते 50 च्या मधले निघाले. तीन मात्र 105 वर आहेत, आणि ते मी दारातूनच काढलेत. बाबा दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपले होते, भिंग कपाळावर सरकवलेलं, आणि जवळ गेले असते तर जागे झाले असते.